धरमपेठेंतील समुद्र

धरमपेठेजवळचा फुटाळा तलाव गोड्या पाण्याचा. मुंबईचा समुद्र येथून रेल्वेनें आठशेंहून अधिक किलोमीटर दूर. तरी दिवाणखान्यांतील कांचपेटींत लक्षद्वीपचे, आणि केवळ तिकडचेच, मासे असावेत असें मुलांनीं ठरविलें. पाण्याचा प्रश्न सोपा : दर लिटरास सुमारें 35 ग्रॅम तयार सागरी मीठ. आमच्यांत वाद झाला तो माशांवरून.

मुलांचें मन बसलें सिंहमाशावर. पंख्यासारखे पसरलेले पट्टेदार पर. दिसतो राजबिंडा खरा! परंतु तोंडांत मावेल तो मासा तो गिळतो, आणि त्याचे कांटे विषारी. फुलपांखरू मासा दिसावयास गरीब, पण त्याच्या कित्येक जाती प्रवाळाचे जीव टिपून खातात. एका समुद्रांतले म्हणून एका पेटींत नांदतील असें नाहीं. समुद्रांत पळावयास जागा असते, चार फुटी पेटींत कोठून असणार?

शेवटीं विदूषक मासे घेतले, दोनच. हे सारे जन्मतः नर. जोडींतील मोठा पुढें मादी होतो. म्हणून एक लहान, एक मोठा असे निवडले. तिसऱ्याचा हीं दोघें छळ करतात. ऐरोलीच्या उबवणीगृहांत विदूषक माशांची पैदास झालेली आहे. अशीं पिल्लें समुद्रांतून धरलेल्यांहून बरीं. समुद्रघोडे व प्रवाळ मात्र 1972 च्या वन्यजीव कायद्यानें संरक्षित. त्यांची मागणी करूं नये.

मे महिन्यांत नागपूरचा पारा 45 अंशांवर चढतो. माशांस 26 अंशांच्या आसपासचें पाणी हवें. तापल्या पाण्यांत प्राणवायु कमी, म्हणून मासेही थोडकेच. "पेटी इतकी रिकामी कां?" असें पाहुणे विचारतात.