कोळसा, चार आणे

आमच्या चाळीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या वह्या मी रद्दीत घातल्या. माझ्याच हातांनी सुतळी बांधली, काट्यावर ठेवल्या, पैसे मोजून घेतले आणि मंडळाच्या डब्यात टाकले. घरच्यांशिवाय आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही.

लालबागची आमची चाळ तेव्हा रिकामी होत होती. पुनर्विकासाचे कागद झाले होते, निम्मी बिऱ्हाडं ट्रान्झिट कॅम्पात गेली होती, आणि मंडळाच्या खोलीतलं सामान कुठे ठेवायचं हा रोजचा वाद होता. झांजा, समया, मखराच्या फळ्या ठेवायच्या यावर एकमत होतं. वह्यांबद्दल कुणी विचारलंही नाही. लाल कापडी पुठ्ठ्याच्या उभ्या वह्या, जमाखर्चाच्या. काहींच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या, पहिली पानं गळालेली, त्यामुळे साल कुठलं ते कळत नव्हतं. बांधण्याआधी एक मी सहज उघडली. निळ्या-काळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: शाहीर मंडळी. खाली चहा, पानसुपारी, बत्तीभाडं, आणि शेवटी कोळसा, चार आणे. शाहिराचं नाव नव्हतं. मी ती नोंद मोठ्यानं वाचून दाखवली. शाहिरांना कोळसा कशाला, म्हणून घरचे सगळे हसले. मीही हसलो आणि वही गठ्ठ्यात ठेवून दिली.

शाहिरीबद्दल मला आस्था नव्हती म्हणून हे झालं असतं, तर मी ते मनाला इतकं लावून घेतलं नसतं. वडील गिरणीत साचाखात्यात होते. पोवाडे, छक्कडी आमच्या घरात भोंग्यासारख्याच रोजच्या. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाबद्दल जे छापलेलं मिळेल ते मी वाचत होतो, कवनं वहीत उतरवून घेत होतो. तरी वह्या रद्दीत गेल्या, कारण माझं एक ठाम मत होतं. शाहीर त्याच्या कवनात असतो. तो कधी, कुठे, कितीदा गायला याची यादी करणं हे कारकुनाचं काम, असं मला वाटायचं. लोकांचं गाणं लोकांत विरघळून गेलं पाहिजे, त्याला तारखांची खुंटी कशाला?

हे मी जाहीरपणे बोललो आहे. एका वाचनालयाच्या कार्यक्रमात एका तरुण मुलानं विचारलं होतं, अमर शेख लालबाग-परळमध्ये नेमके कुठे कुठे गायले, याची नोंद कुणी ठेवली आहे का? मी म्हणालो, “शाहीर यादीत शोधायचा नसतो, गाण्यात शोधायचा असतो.” टाळ्या पडल्या. तो मुलगा खाली बसला. त्याचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चुकीचं होतं, हे मला आज त्याला सांगायचं आहे.

माझं मत फिरलं ते एका रशियन पियानोवादकामुळे. भाची पियानो शिकते. एका सुट्टीत ती सर्गेई राखमानिनोव या संगीतकाराच्या नादाला लागली होती. तो संगीतरचना करायचा, पियानो वाजवायचा आणि वाद्यवृंदाचं संचालनही करायचा. मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरमध्ये त्यानं दोन हंगाम ते काम केलं होतं. तिनं त्याच्या कार्यक्रमांच्या नोंदी मला दाखवल्या. तारीख, गाव, सभागृह, कुठली रचना वाजवली. “मामा, हे बघ, एकेका दिवसाचा हिशेब आहे.” मी म्हटलं, याचा उपयोग काय? ती म्हणाली, “तू नुसत्या तारखा वाच ना.”

तारखा वाचत गेलो आणि गप्प झालो. क्रांतीनंतर, १९१७च्या डिसेंबरात हा माणूस बायको-मुलींना घेऊन रशियातून बाहेर पडला. वय ४४. जमीनजुमला, घर, सगळं मागे राहिलं. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत पोहोचला आणि पोटासाठी पियानोवादनाचे दौरे करू लागला. मग हंगामामागून हंगाम, आज या शहरात, दोन दिवसांनी त्या शहरात, मध्ये आगगाडीचा प्रवास. देश सोडल्यावरच्या पंचवीस वर्षांत त्यानं ज्यांना क्रमांक दिला अशा नव्या रचना फक्त सहा. इतक्या कमी का, यावर लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे: मायदेश तुटला, मन विझलं. ते खरं असेलही. पण तारखांची ती उतरंड पाहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, या माणसानं लिहायला बसायचं तरी कधी? बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहतो तसा हा दर हिवाळ्यात नव्या सभागृहाच्या दारात उभा होता. त्याच्या सुरावटीतून हे मला कधीच कळलं नसतं.

त्याच नोंदीत १ नोव्हेंबर १९४१चा न्यूयॉर्कचा कार्यक्रम आहे. जर्मन फौजा रशियात घुसल्या होत्या. ज्या राजवटीमुळे देश सोडावा लागला त्याच राजवटीच्या सैनिकांच्या औषधपाण्यासाठी त्यानं त्या रात्रीची मिळकत देऊन टाकली. शेवटची नोंद १७ फेब्रुवारी १९४३ची, टेनेसी राज्यातलं नॉक्सव्हिल गाव. त्या संध्याकाळी त्यानं शोपँचा तो सोनाटा वाजवला ज्यात अंत्ययात्रेची धून आहे. पुढचे कार्यक्रम रद्द झाले आणि २८ मार्चला तो गेला. नॉक्सव्हिलमध्ये आज त्याचा पुतळा आहे. शेवटचा कार्यक्रम कुठे झाला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो तिथे आहे.

१७ फेब्रुवारी १९४३ या तारखेवर मी अडकलो. तिच्या पंधरा दिवस आधी, २ फेब्रुवारीला, स्टालिनग्राडमध्ये जर्मन सैन्यानं शस्त्रं खाली ठेवली होती. त्या लढाईवर मुंबईत अण्णाभाऊंनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा, विशी नुकतीच ओलांडलेला, शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला हा तरुण व्होल्गाकाठच्या शहराचा पोवाडा गिरणी कामगारांसमोर घेऊन आला. म्हणजे एक रशियन अमेरिकेत आपल्या सैनिकांसाठी पियानो वाजवत होता आणि त्याच युद्धातल्या लढाईचं कवन आमच्या गल्ल्यांमध्ये डफावर चढत होतं. त्या पियानोवादनाची तारीख, गाव, सभागृह, सगळं सापडतं. आणि आमचा पोवाडा पहिल्यांदा कुठल्या नाक्यावर उभा राहिला? समोर पहिली पाळी सुटून आलेले लोक होते की तिसऱ्या पाळीला निघालेले? माझ्याकडे पोवाड्याचे शब्द होते, त्यांच्या आजूबाजूचं काहीच नव्हतं.

‘माझी मैना गावावर राहिली’चंही तसंच. ती छक्कड मला लहानपणापासून पाठ. गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढणारा मुंबईतला कामगार शेवटी बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावच्या ताटातुटीपाशी येतो. आता हे गाणं १९५६ साली शिवाजी पार्कच्या सभेत ऐकणं आणि १ मे १९६० नंतर ऐकणं एकच का? आधी ऐकताना मुंबईच हातची जाईल की काय ही धास्ती होती. नंतर मुंबई मिळालेली, बेळगाव राहिलेलं. शब्द तेच असले तरी ऐकणाऱ्याच्या पोटात पडणारा खड्डा निराळा. म्हणजे तारीख हा गाण्याचा भाग आहे. मी इतकी वर्षं ते गाणं अर्धंच ऐकत होतो, असं आता मला वाटतं.

एक गोष्ट मी अजूनही धरून आहे. पियानोवादकाच्या कार्यक्रमाला तिकीट असतं, जाहिरात असते, दुसऱ्या दिवशी परीक्षण छापून येतं. गिरणीच्या दारात पाळी सुटताना पाच माणसं उभी राहून गायली, तर त्याचा कागद कुठून येणार? त्यामुळे शाहिराची नोंद त्या तोडीची कधी होणार नाही. पूर्वी मी यावरून म्हणायचो, मग करायचीच कशाला. आता उलट म्हणतो: जिथे कागद मुळातच कमी, तिथे कागदाचा एकेक कपटा मोलाचा. आणि माझ्या हातात तर अख्खी वही होती.

कोळशाचं कोडं आमच्या मजल्यावरच्या काकांनी सोडवलं. तेही साचेवाले, १८ जानेवारी १९८२च्या संपानंतर जे घरी बसले ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. ट्रान्झिट कॅम्पात त्यांच्याकडे बसलो असताना मी ती नोंद सांगितली. हसून नव्हे, या वेळी. काका म्हणाले, “अरे, डफ शेकायला! गणपतीत पाऊस. दमट हवेत कातडं सैल पडतं, थाप मारली की भद्द वाजतं. पाटीत कोळसे फुलवायचे, डफ वरून फिरवायचा, मग बोटानं टिचकी मारून बघायची. टणक आवाज आला की शाहीर उठणार.” त्यांनी दोन्ही हातांत नसलेला डफ धरून विस्तवावर फिरवून दाखवला, कानाशी नेला, टिचकी मारली.

त्या नोंदीत त्या रात्रीचा आवाज होता. पाऊस होता, कातडं सैल पडलेलं होतं, आणि मंडळाच्या कुणा हिशेबनीसानं चार आणे खर्चून तो आवाज उभा केला होता. शिवाय आणे म्हणजे काळही हाताशी येत होता. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. जुन्या सवयीची दोन-चार वर्षं धरली तरी नोंद त्याच सुमाराची किंवा त्याआधीची. शेजारच्या पानांवर मूर्तिकाराचं नाव असेल, वर्गणीची यादी असेल, तिच्यावरून सालही काढता आलं असतं. ती पानं मी किलोच्या भावानं दिली.

त्यानंतर मी एक रजिस्टर घातलं. तारीख, ठिकाण, निमित्त, कोण गायलं, काय गायलं, कुणी सांगितलं. पक्कं असेल ते पेनानं, ऐकीव असेल ते पेन्सिलनं. लोकांना तारीख आठवत नाही, पाळी आठवते. कुणाचं लग्न, कुठला संप, कुठल्या वर्षीची मूर्ती हे आठवतं. काका म्हणायचे, “मी तेव्हा तिसऱ्या पाळीला होतो, म्हणून अर्ध्यावर उठावं लागलं.” मग त्यांच्या पाळीवरून महिना शोधायचा. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून जुन्या वर्तमानपत्रांतल्या सभांच्या बातम्या चाळायच्या. ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ला सुरू झाला, तिथपासून संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचा माग थोडा सोपा होतो. बातमीत नेत्यांची भाषणं सविस्तर असतात आणि शाहिराच्या वाट्याला बहुधा एखादं वाक्य येतं. ते वाक्य मी उतरवून घेतो.

बार्शीत १९१६ साली जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल अमर शेख होऊन या गिरणगावात गायला, आणि १९६९ साली, अण्णाभाऊंच्या पाठोपाठ दीड महिन्याच्या आत गेला. मॉस्कोतल्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात २०२२ साली अण्णाभाऊंचा पुतळा बसला तेव्हा मला फार आनंद झाला. पण आमच्या गल्लीत, भारतमाता सिनेमापासून काळाचौकीपर्यंत, इथे उभं राहून शाहीर गायले असं बोट दाखवून सांगता येईल अशी एक जागा मला हवी आहे. परळ नाक्यावरच्या दळवी बिल्डिंगकडे बोट दाखवता येतं, तिथे युनियनची कचेरी होती म्हणून. गाण्याच्या जागा मोकळ्या पटांगणांच्या होत्या, आणि त्यांतल्या कितीतरींवर आता मनोरे उभे आहेत.

काका गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांनी सांगितलेल्या एकोणीस नोंदी रजिस्टरात आहेत, चार पेनानं आणि बाकी पेन्सिलनं. पहिल्या पानावर पहिली ओळ मात्र त्या वहीतली आहे, मला आठवते तशी. ठिकाण: आमच्या चाळीचं अंगण. निमित्त: गणपती. चहा, पानसुपारी, बत्तीभाडं. कोळसा, चार आणे. तारखेची आणि नावाची जागा कोरी सोडली आहे. चाळीतलं कुणी जुनं भेटलं की मी आधी ते पान उघडतो.