बीहडाची माती

ग्वाल्हेरहून आग्र्याकडे जाताना मुरैना मागे पडले की रुळांच्या दोन्ही बाजूंस चंबळेचे बीहड लागते. आम्हां ग्वाल्हेरकर मराठी मंडळींना त्याची ओळख आहे ती बागी-डाकूंच्या कथांतून; त्या मातीची कथा आम्ही क्वचितच ऐकतो.

ही माती म्हणजे नद्यांनीच आणून टाकलेला गाळ. कोरडी असता भिंतीसारखी उभी राहते, भिजली की साखरेसारखी विरघळते. नदीचे पात्र खोल गेले, तसे तिला मिळणारे ओहोळही खाली उतरू लागले. पात्र खोल जाण्यामागे भूभागाचे उचलले जाणे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. जंगलतोडीने आणि चराईने या झिजेला वेग दिला खरा. पण सारा दोष कुऱ्हाडीच्या माथी मारणे आम्हांस पटत नाही.

घळीचे तोंड नदीकडे असते, वाढते मात्र ती शेताकडे. बांधाशी एखादे बीळ पडते, पाणी आतल्या आत माती पोखरून नेते, आणि एखाद्या श्रावणात वरचे छतच खचते.

१९८० च्या दशकात विमानांतून विलायती बाभळीचे बी टाकले गेले. ती फोफावली आणि देशी झाडे मागे हटली. अलीकडे यंत्रे लावून टेकाडेच सपाट करतात. मोहरी पिकते, ज्याच्यापाशी चार बिघेच उरले, त्याला आम्ही कोणत्या तोंडाने नको म्हणावे? परंतु मोकळी झालेली माती मोठ्या पावसात पुन्हा जुन्याच वाटेने निघते. निदान उतारास आडवे बांध, जादा पाण्यास पक्का सांडवा आणि घळीच्या माथ्यावर गवत तरी राखावे. गवत राखा म्हटले, की मंडळी हसतात.