अडतं कुठे?

“अक्षर तेवढं सुधारून द्या,” असं म्हणत बरेच पालक मुलाला ऑक्युपेशनल थेरपीला आणतात. वही मी बघतेच, पण त्याआधी मूल बसतं कसं, हे बघते. डावा हात कागद धरतो, की डोक्याला टेकू देतो? पेन्सिल बोटांतून फिरते, की अख्ख्या खांद्यातून? तीन बोटांची लवचीक पकड साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी पक्की होते. साडेतीन वर्षांच्या मुलाकडून ती मागणाऱ्या बालवाडीशी मी मुलाच्या बाजूने भांडते. तिरकी रेघ अजून साधत नसेल, तर ते मूल ‘र’च्या पायाशी अडणारच. तिथे पानंच्या पानं गिरवून घेणं म्हणजे मला मुलाचा छळ वाटतो.

तक्रार एकच असली तरी कारणं निराळी असतात. एकाच्या पाठी-पोटाचे स्नायू ढिले, म्हणून दोन ओळींत तो वाकतो. दुसऱ्याला फळ्यावरचं नीट दिसतं, पण हाताने उतरवता येत नाही. तिसऱ्याला शर्टाच्या कॉलरमागचं लेबल इतकं टोचतं की लिहिण्यात लक्षच राहत नाही. संवेदनांची मेंदूत कशी सांगड बसते, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी १९७२च्या पुस्तकात मांडलं. या तिसऱ्या मुलाकडे बघायची नजर मला त्यांच्याकडून मिळाली. या तिघांना एकच उपचार देऊन कसं चालेल?

प्रमाणित चाचण्या मी वापरते. पण त्यांतल्या कित्येक परदेशात बेतलेल्या आहेत, आणि आपलं मूल हाताने जेवतं. त्यामुळे डब्याची वेळ मी चुकवत नाही. एका हाताने भाकरीचा तुकडा मोडताना अंगठा आणि बोटं कशी जुळतात, वरणभात कालवून घास तोंडापर्यंत सांडतो का, मांडी घालून बसल्यावर तोल कुठे जातो, यातून कळतं ते गुणांच्या तक्त्यात सापडत नाही. मूल्यमापनाचा माझ्या लेखी खरा गाभा हाच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. इतक्या वर्षांनी तरी आपल्या ताटा-पाटाला धरून चाचण्या भरपूर असायला हव्यात.

शेवटी घरच्यांना विचारते, दिवसात सगळ्यांत जास्त कुठे अडतं? अक्षरासाठी आलेली आई पुष्कळदा सकाळच्या शर्टाच्या बटणांबद्दल बोलू लागते. मग उद्दिष्ट तेच लिहायचं: दिवाळीपर्यंत खालची तीन बटणं स्वतः लावेल. सुरुवात मोठ्या बटणांनी, समोर पाटावर पसरलेल्या शर्टावर, संध्याकाळी निवांत. अंगातल्या शर्टाची पाळी त्यानंतर, आणि शाळेच्या घाईची सकाळ सगळ्यांत शेवटी.