क्रिएटिनिन नॉर्मल होतं

पहाटे उठायला गेले तर मान उशीवरून उचलेना. चिमटा काढलेला कळत होता, पण हातपाय हलत नव्हते. घरच्यांना वाटलं, लकवा मारला. तालुक्याच्या गावी सीटी स्कॅन झाला, तो स्वच्छ. मग रक्तातलं पोटॅशियम कळलं, १.९. एरवी ते ३.५च्या वर हवं. सलाइनमधून पोटॅशियम चढवलं, हळूहळू ताकद आली आणि मला घरी सोडलं. ते कमी का झालं, हे कुणी शोधलं नाही.

काही महिन्यांत पुन्हा तेच झालं. या वेळी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी केली. बायकार्बोनेट १२ होतं, निदान २२ तरी हवं. क्लोराइड वाढलेलं. रक्तात इतकं आम्ल साठलं की मूत्रपिंडानं ते लघवीतून बाहेर टाकायचं असतं, लघवीचा पीएच ५.५च्या खाली यायचा असतो. माझा ७ होता. क्रिएटिनिन मात्र अगदी नॉर्मल! रक्त गाळण्याचं काम चोख चाललं होतं. बिघाड होता पुढच्या सूक्ष्म नलिकांच्या शेवटच्या टप्प्यात. आजाराचं नाव डिस्टल रीनल ट्यूब्युलर ॲसिडोसिस. पोटॅशियम घसरत होतं तेही यामुळेच.

"तोंडाला कोरड पडते का?" डॉक्टरांनी विचारलं. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, डोळ्यांत सतत खुपतं, हे मी तोवर वयावर ढकललं होतं. तपासण्यांत शोग्रेन सिंड्रोम निघाला. शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते, काहींच्या बाबतीत मूत्रपिंडाच्या नलिकांवरही. वारंवार होणाऱ्या मुतखड्यांचाही उलगडा झाला. आम्ल शमवताना हाडांतलं कॅल्शियम झिजून लघवीत उतरतं आणि खडे रोखणारं सायट्रेट मात्र लघवीत कमी पडतं.

औषध साधं आहे, पोटॅशियम सायट्रेटचं पातळ औषध आणि सोडाबायकार्बच्या गोळ्या. पण क्रम महत्त्वाचा. पोटॅशियम फार उतरलेलं असताना आधी बायकार्बोनेट दिलं तर ते आणखी घसरतं आणि श्वासाचे स्नायूही थकू शकतात. म्हणून घरच्या घरी खायचा सोडा घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

वारंवार मुतखडे, अचानक गळून जाणारे हातपाय, कोरडं तोंड, यांतलं काही एकत्र दिसलं, तर क्रिएटिनिनच्या आकड्यावर समाधान मानू नका. पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि लघवीचा पीएच तपासायला डॉक्टरांना आवर्जून सांगा.