भुरीच्या कपाळावरचा चांद

वऱ्हाडात म्हशीला नाव ठेवायला कुणी फार विचार करत नाही. काळी ती काळी आणि भुरी ती भुरी. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या गावांत कधी गेला असाल, तर ही भुरी तुम्ही पाहिली असेलच. पांढुरका किंवा फिकट तपकिरी रंग, कपाळावर पांढरा चांद, पाय खालून पांढरे, आणि शेपटीचा गोंडाही पांढरा. कुणी तिला राखी म्हणतं, कुणी गवळण. माझ्या आजोळी, दर्यापूरकडच्या एका खेड्यात, ती नुसती भुरीच.

लहानपणी मला एक प्रश्न पडायचा. पांढरं यायचंच तर ते नेमकं कपाळावर, पायांवर आणि शेपटीच्या टोकालाच का? पाठीवर का नाही? आजीचं उत्तर सोपं होतं : देवानं वासराला टोकाटोकाला धरून रंगात बुडवलं, जिथं धरलं तिथं रंग लागला नाही.

पुढे खूप वर्षांनी यामागचं शास्त्र वाचलं आणि आजीची आठवण आली. पोटातल्या गर्भात रंग देणाऱ्या पेशी मुळात पाठीच्या कण्याच्या बाजूला तयार होतात. तिथून त्या हळूहळू सगळ्या अंगभर पसरत जातात. कपाळाचा मध्य, पायांचे खूर, शेपटीचं टोक ही सगळ्यात लांबची ठिकाणं. पेशी कमी पडल्या किंवा पोचायला उशीर झाला, की ती जागा कोरी राहते. घोडा, कुत्रा, मांजर, सगळ्यांत हाच हिशेब. आपल्याकडे चार पाय आणि कपाळ पांढरं असलेल्या घोड्याला पंचकल्याणी म्हणून मान मिळतो, तो या राहून गेलेल्या रंगाचाच!

मान कुठे मिळेल ते मात्र सांगता येत नाही. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर तोराजा लोक राहतात. त्यांच्यात अंत्यविधीला रेडा बळी देतात, आणि पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांच्या रेड्याला साध्या काळ्यापेक्षा कितीतरी पट किंमत येते. आमच्याकडच्या बाजारात मी उलटं ऐकलंय. व्यापारी भुरीच्या कपाळाकडे बघणार आणि म्हणणार, "गावठी हाय." बस्स, किंमत तिथेच पडली. कारण बाजाराच्या डोळ्यांत म्हैस म्हणजे मुऱ्हा, आणि मुऱ्ह्याची ओळखच मुळी काळीभोर.

हळूहळू गोठ्यातही तेच झालं. मामाकडे पूर्वी चार भुऱ्या होत्या. कृत्रिम रेतनाची सोय आली तशी मुऱ्ह्याची कांडी भरायला लागले. पहिली वगार झाली ती काळी. दूध जास्त, म्हणून सगळे खूश. दुसरीही काळीच. आता गोठ्यात भुरी एकच उरलीय.

आणि मग जानेवारी २०२३ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं देशातल्या दहा नव्या जातींची नोंद केली, त्यात आमची भुरी होती. नाव दिलं 'पूर्णाथडी'. पूर्णेच्या थडीवरची, म्हणजे काठावरची. किती नेमकं नाव! गंमत बघा, कर्नाल हरियाणात, आणि मुऱ्हाही हरियाणाचीच. ज्या पांढऱ्या खुणेनं बाजारात भाव पडायचा, तीच आता जातीची ओळख म्हणून कागदावर आली.

मी मोठ्या उत्साहानं मामाला फोन केला. मामा शांतपणे म्हणाला, "नाव भेटलं थे चांगलं झालं बाप्पा. पन ढेप काय नावानं येते?"

बरोबरच होतं त्याचं. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, चारा बेताचा, सरकीची ढेप महाग. गोठा चालतो तो डेअरीच्या मापावर. जात जपा असं शहरात बसून सांगणं फार सोपं असतं, आणि नुकसान सोसायचं मात्र मामानं.

तरी यंदा भुरी माजावर आली तेव्हा मामानं कांडी भरली नाही. शेजारच्या गावातल्या भुऱ्या रेड्याकडे तिला चालवत नेलं. मी कारण विचारलं. म्हणाला, "मुऱ्हा खाते बी तशीच. उन्हायात तिले पाह्यजो, हापते नुसती. हे हाय त्यात भागवते. एक तं राहू दे गोठ्यात."

यात कागदाचा, नोंदणीचा उल्लेखही नव्हता. जात टिकते ती बहुधा अशीच. कुणाला तरी ती परवडते म्हणून, आणि थोडी जीव लागलेली असते म्हणून. नोंदणीनं इतकंच व्हावं की पुढच्या वेळी बाजारात व्यापारी "गावठी" म्हणाला, तर मामाला त्याच्या तोंडावर एक नाव सांगता यावं.

म्हशीचे दिवस दहा महिन्यांचे. बघू या, रंग कुठपर्यंत पोचतो ते.