यार्मथची वाळू

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफक परगण्यात, ग्रेट यार्मथ हे जुने बंदर आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात मुलीकडे नॉर्विचला राहण्याचा योग आला, तेव्हा एका सकाळी आम्ही सर्व जण तेथे गेलो. किनारा रुंद आणि समुद्र शांत होता. सुमारे अडीच किलोमीटरवर भर पाण्यात तीस पवनचक्क्या फिरत होत्या. एवढ्या खोल समुद्रात त्या उभ्या तरी कशा केल्या, असे मी विचारले. जावई हसून म्हणाले, "बाबा, तिथे समुद्र खोल नाहीच. त्या वाळूवर उभ्या आहेत. ओहोटीला तिथे सील पहुडलेले दिसतात."

त्या एका वाक्याने समोरचे दृश्यच पालटले. जे अथांग वाटत होते, त्याच्या पोटात वाळूचे लांबच लांब दांडे दडलेले होते. पवनचक्क्यांखालच्या दांड्याचे नाव स्क्रोबी. सोळाव्या शतकात तो इतका वर आला की त्याचे बेट झाले. यार्मथचे लोक तेथे सहलीला जाऊ लागले, त्याच्या मालकीवरून तंटाही झाला. आणि काही वर्षांतच समुद्राने ते बेट पुसून टाकले. भरती-ओहोटीचे प्रवाह आणि वादळे येथील वाळू सतत हलवीत असतात. खडक असेल तर तो नकाशात दाखवला त्याच जागी पुढेही सापडतो. वाळूचे तसे नाही.

या किनाऱ्याने किती गलबते गिळली, याची कल्पना डॅनियल डिफोच्या प्रवासवर्णनावरून येते. यार्मथहून क्रोमरकडे जाताना त्याला दिसले की गोठे, कोठारे, कुंपणे, सारे फुटलेल्या जहाजांच्या फळ्यांतूनच उभारलेले आहे. त्याच्या रॉबिन्सन क्रूसोचे पहिले जहाजही याच यार्मथच्या समुद्रात बुडते.

अशा पाण्यात कप्तानाच्या जोडीला पायलट घेण्याची पद्धत होती. पायलट म्हणजे जहाजाचा वाटाड्या. शिशाचा ओळंबा दोरीने सोडून तो खोली मोजवून घेई. ओळंब्याच्या बुडाला चरबी लावलेली असे. तिला चिकटून आलेली वाळू, चिखल वा शिंपले पाहून आपण कोठे आहोत, हे तो ताडत असे. शेकडो माणसांचे प्राण त्याच्या अंदाजावर अवलंबून असत.

अशाच एका पायलटची कथा नॉर्विच किल्ल्यातील संग्रहालयात तेव्हा मांडलेली होती. मे १६८२ मध्ये 'ग्लॉस्टर' ही युद्धनौका स्कॉटलंडकडे निघाली होती. तिच्यावर राजा दुसरा चार्ल्स याचा भाऊ आणि वारस, ड्यूक ऑफ यॉर्क जेम्स होता. एडिंबरोहून गर्भवती पत्नीला लंडनला आणण्यासाठी तो जात होता. नौकेवर खलाशी, सरदार, सेवक मिळून सुमारे ३३० माणसे होती. पायलटचे नाव जेम्स एअर्स.

मार्गावरून नौकेवर वाद झाला. किनाऱ्यालगतच्या ओळखीच्या वाटेने जावे, असे एअर्सचे म्हणणे होते. वाळूच्या पार बाहेरून खुल्या समुद्रातून जावे, असा इतरांचा आग्रह होता. ड्यूक स्वतः एके काळी आरमाराचा प्रमुख होता. त्याने दोहोंमधली वाट ठरवली. ६ मेच्या पहाटे साडेपाचच्या सुमारास, यार्मथपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, 'ग्लॉस्टर' वाळूवर आदळली आणि तासाभरात बुडाली.

राजघराण्यातील पुरुष नौकेवर असता त्याच्याआधी ती सोडू नये, असा शिष्टाचार होता. ड्यूक निघाला तो अगदी उशिरा. तो आणि काही मोजके सरदार वाचले. १३० ते २५० माणसे बुडाली. हा आकडाही अंदाजाचाच, कारण मेलेल्यांची नेमकी मोजदाद कोणी ठेवली नाही. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स सोबतच्या दुसऱ्या नौकेवर होता. त्याने पायलटच्या हटवादीपणाला दोष दिला. ड्यूकनेही सारे खापर पायलटवर फोडले. लष्करी न्यायालयाने एअर्सला तुरुंगात धाडले. ड्यूकचे विरोधक मात्र त्याच्या विलंबाकडे बोट दाखवीत राहिले. तीन वर्षांनी तोच ड्यूक इंग्लंडचा राजा झाला.

नॉरफकच्याच दोन भावांनी चार वर्षे शोध घेतल्यावर २००७ मध्ये 'ग्लॉस्टर'चे अवशेष सापडले. पुढे वर काढलेल्या घंटेवरून नौकेची ओळख पटली. संग्रहालयात ती घंटा पाहिली. पण पाय खिळले ते कुणाच्या तरी बुटांपाशी आणि चष्म्यापाशी. त्यांचे धनी कोण होते, हे कोठेही लिहिलेले नव्हते. मार्गाच्या वादात त्या धन्याला कोणी त्याचे मत विचारले नसेल.

एअर्स बेदरकार होता का? मार्ग दाखवण्याचे काम त्याचे होते, म्हणून जबाबदारीही त्याची होती. पण त्या रात्री जो तो आपल्याच ज्ञानाच्या भरवशावर होता. पायलटला आपल्या अनुभवाचा भरवसा, ड्यूकला आपल्या अधिकाराचा. मधली वाट निघाली ती दोघांच्या मतांमधली; पाण्याच्या खोलीशी तिचा मेळ नव्हता.

माझे बालपण कृष्णाकाठी गेले. आमचा नावाडी जन्मभर एकाच उतारावर नाव चालवीत होता, तरी पावसाळा सरल्यावर बांबू टाकून तो पुन्हा तळ चाचपडत जाई. "रोजचीच वाट ना काका?" असे एकदा विचारले, तर तो म्हणाला, "वाट रोजची हाय बाळा, वाळू रोजची न्हाई."

परतताना पुन्हा त्या पवनचक्क्या दिसल्या. नातू विचारत होता, वाळू हलते तर त्या पडत नाहीत का? त्यांचे खांब वाळूत खोलवर रोवलेले आहेत आणि लोक त्यांच्या पायथ्याची पुनःपुन्हा तपासणी करतात, असे त्याच्या वडिलांनी सांगितले. मला त्या नावाड्याचा बांबू आठवला.