दोन तास म्हणजे अडीच सामायिक



दिवाळीच्या फराळाचं लिहायचं कबूल केलं होतं, ते राहिलंच. आई माझ्याकडे शहापूरला होती, तपासणीसाठी. आज तिच्याबद्दल लिहिते. तिला विचारून लिहिते. "लिही, पण माझं नाव नको," म्हणाली.

माझं माहेर मुरबाडचं, किराणा दुकानवालं. गेल्या वर्षी पर्युषणात आईने अट्ठाई केली. पारणं झालं आणि दहा-बारा दिवसांनी तिला लघवीतून रक्त गेलं. दुखलं नाही, जळजळ नाही, ताप नाही. एक दिवस लाल, मग पंधरा दिवस स्वच्छ. घरात सगळ्यांनी एकच ठरवलं: उपवासात पाणी कमी पडलं, उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी सुरू झालं. महिन्याने पुन्हा रक्त. तेव्हा औषधाच्या गोळ्या मिळाल्या, इन्फेक्शन म्हणून. तिसऱ्या वेळी वहिनीला वाटलं अंगावरून जातंय, म्हणून स्त्रियांच्या डॉक्टरांकडे. असे सात महिने गेले. शेवटी कल्याणला सोनोग्राफी केली आणि मूत्राशयात गाठ दिसली.

इथे थांबून एक सांगते. पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईच्या लघवीतून न दुखता रक्त गेलं, एकदाच गेलं आणि आपोआप थांबलं, तरी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी मागून घ्या. पुरुषाला असं झालं की तो घाबरून लगेच धावतो. आपल्याकडे रक्ताची सवय असते, म्हणून आपण कारणं शोधत बसतो.

मुंबईत दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली. गाठ आतल्या अस्तरापुरतीच होती, स्नायूत गेलेली नव्हती. पण परत येणाऱ्या जातीची होती. दादाने डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, आईसमोर कॅन्सर शब्द काढायचा नाही. आईला सांगितलं, मस्सा होता, काढला, आता आत औषध सोडायचं, सहा आठवडे, आठवड्यातून एकदा. मीही मान डोलावली. इंग्रजी कागदावर दादाने सही केली.

औषधाचं नाव ऐकून मला हसूच आलं. बीसीजी! आपल्या मुलांना जन्मल्यावर डाव्या दंडावर देतात ती क्षयाची लस. तेच जंतू, जिवंत पण दुबळे केलेले, नळीने मूत्राशयात सोडतात. ते अस्तराला चिकटतात, शरीर त्यांच्यावर चाल करून येतं आणि त्या धुमश्चक्रीत कॅन्सरच्या उरलेल्या पेशीही मारल्या जातात.

पहाटेची आसनगाव लोकल, पाऊस, आणि आईचं उकाळलेलं पाणी थर्मासमध्ये. पण आधी चार तास पाणी प्यायचं नाही. औषध सोडलं की दोन तास लघवी धरून ठेवायची, दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची. आईने हिशोब केला, "दोन तास म्हणजे अडीच सामायिक. जमेल." खरंच जमलं. डोळे मिटून माळ फिरवत होती, मी कूस बदलायची आठवण करत होते. नंतर भरपूर पाणी प्यायचं, आणि चौविहार असल्यामुळे सूर्यास्ताच्या आत प्यायचं. म्हणून आम्ही सकाळची वेळ मागून घेतली. ती मिळते, फक्त मागावी लागते.

पुढचे सहा तास प्रत्येक वेळी लघवीनंतर संडासात ब्लीच ओतायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग पाणी सोडायचं. जिवंत जंतू बाहेर पडतात ना. आसनगावपर्यंत लोकलमध्ये ते कसं करणार? म्हणून त्या रात्री डोंबिवलीला ननंदेकडे राहायचो. बिचारीने न्हाणीघरात ब्लीचच्या दोन बाटल्या आणून ठेवल्या. आई प्रत्येक वेळी ओतताना तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायची. आयुष्यभर पाणी गाळून, दिव्याभोवतीचा किडा हलकेच पदराने बाजूला करून राहिलेली बाई ती.

दुसऱ्या आठवड्यात, ती झोपल्यावर मी या लसीचा इतिहास वाचत बसले. फ्रान्समध्ये लिल गावी काल्मेत आणि गेरँ या दोघांनी गाईच्या क्षयाचे जंतू घेतले आणि १९०८ पासून १३ वर्षं, २३० वेळा, एका वाढीतून दुसऱ्या वाढीत लावत नेले. त्यातून ते दुबळे झाले. पहिल्यांदा माणसाला लस दिली ती १९२१ मध्ये. इथपर्यंत ठीक. पण ते जंतू वाढवले कशावर? बटाट्याच्या कापांवर, बैलाच्या पित्तात.

मैत्रिणींनो, माझ्या पोटात गोळा आला. आईने जन्मात कंदमूळ तोंडात घातलेलं नाही. आता पद्धत वेगळी आहे, पण वंश तोच. मी फोन बंद केला आणि ठरवलं, हे तिला सांगायचं नाही. म्हणजे दादाचं एक आणि माझं एक, अशा दोन गोष्टी झाकल्या गेल्या.

तिसऱ्या आठवड्यात रुग्णालयात कुणीतरी तिच्यासमोरच म्हणालं, "कॅन्सरच्या पेशंटची फाईल आण." आईने माझ्याकडे पाहिलं, बोलली नाही. संध्याकाळी डोंबिवलीच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना म्हणाली, "मस्सा म्हणालात ना?" मग मी सगळं सांगितलं. कॅन्सर, जिवंत जंतू, गाय, बटाटा, पित्त. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "माझ्या अंगात जाणार आणि मलाच विचारायचं नाही?"

चौथ्या आठवड्याला ती गेली नाही. दादा फोनवर माझ्यावरच ओरडला: तू कशाला सांगितलंस, आता बंद करेल ती. मलाही तीच भीती होती. चातुर्मास नुकताच लागला होता. तिने मला उपाश्रयात न्यायला सांगितलं. साध्वीजींशी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी बाहेर पायरीवर बसले होते. येताना आईच्या हातात रुमालाची गाठ होती आणि डोळे कोरडे होते. "सहा पुरे करू," म्हणाली. "नंतर त्याची आयंबिलं करेन. पण मला आधी एक सांग, हे असं आत सोडायचं पहिल्यांदा कुणावर करून पाहिलं?"

मी शोधून सांगितलं. कॅनडात किंग्स्टन गावी अल्व्हारो मोरालेस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये लिहून ठेवलं, नऊ रुग्णांचं. आधी त्या सगळ्यांत मिळून २२ वेळा गाठी परत आल्या होत्या, औषधानंतर, थोड्या कमी काळात का होईना, एकदाच. नऊच माणसं. त्यावरून पुढे मोठ्या चाचण्या झाल्या आणि १९९० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आणि सहा आठवडेच का? असं सांगतात की लस त्यांच्याकडे सहा कुप्यांच्या पाकिटात येत होती. हे ऐकून आई प्रथमच हसली. "म्हणजे मसाल्याच्या पाकिटावर ठरवतो तसंच!"

मग म्हणाली, "त्या नऊ जणांना तर हेही माहीत नव्हतं की उपयोग होईल." त्यांची नावं विचारली. ती कुठे छापलेली नसतात. "नऊ," ती पुटपुटली, "नवकाराची पदं तेवढीच." उरलेल्या तिन्ही वेळी कुशीवर पडल्या पडल्या ती त्यांच्यासाठी एक माळ वेगळी करत होती.

दोन दिवस कणकण आणि जळजळ व्हायची, तेवढंच. तीन महिन्यांनी दुर्बीण घातली, स्वच्छ निघालं. पण डॉक्टरांनी यावेळी आईकडे पाहून, मराठीत सांगितलं: परत आलं तर मूत्राशय काढायची वेळ येऊ शकते, मात्र आत सोडायच्या नव्या औषधांच्या चाचण्या चालू असतात, तेव्हा बसत असेल तर विचार करा. एक नवं बीसीजी तर आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं आहे. मूळ कल्पना जर्मनीतल्या शास्त्रज्ञांची, जंतूच्या गुणसूत्रातच बदल केलेला. जुन्या बीसीजीनंतरही ज्यांना गाठी परत आल्या अशा चाळीसेक लोकांवर स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी ते वापरून पाहिलं आणि २०२२ मध्ये छापलं: साठ आठवड्यांनी जवळपास निम्म्यांच्या मूत्राशयात गाठ परत आलेली नव्हती. निम्म्यांच्या आली होती, हेही तेवढंच खरं.

किन्हवलीमार्गे मुरबाडला परतताना गाडीत दादा म्हणाला, "प्रयोगाला मी आईला देणार नाही."

"मला देणारा तू कोण रे?" आई मागच्या सीटवरून म्हणाली. गाडीत सरळगावपर्यंत कुणी बोललं नाही.

नियम मी नंतर पाहून घेतले. आपल्याकडे चाचणी आधी सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, नैतिक समितीची परवानगी लागते. माहितीचा कागद रुग्णाला समजेल त्या भाषेत द्यावा लागतो. सही रुग्णाची. मध्येच कधीही सोडता येतं, कारण न सांगता, आणि नेहमीचे उपचार त्यामुळे थांबत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याचं २०१९ च्या नियमांत आहे.

हे सगळं आईला वाचून दाखवलं. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुकानाची जुनी वही मागवली आणि मला लिहायला सांगितलं, वेळ आली तर विचारायचं ते. औषध कशावर वाढवतात. आत प्राण्याचं काही आहे का. चिठ्ठी टाकून जुनं औषध वाट्याला आलं तर आपल्याला कळेल का. वेळ सकाळची मिळेल का. माझ्यानंतर ज्यांना देतील त्यांना याचा उपयोग होईल का. शेवटचा प्रश्न तिने दोनदा लिहायला लावला. मला वाटलं विसरली, पण नाही, खाली रेघ मारायला सांगितली.

पुढची तपासणी पौषात आहे. म्हशाच्या जत्रेच्या दिवसांत दुकानात हात कमी पडतात, म्हणून ती आधीची तारीख घे म्हणते. वही तिने स्वतःच्या पिशवीत ठेवली आहे, दादाच्या नाही.